ड्राइव्हवरची मोटर: वाइंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

ड्राइव्हवर (व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) चालणाऱ्या मोटरींबद्दल मराठवाड्यातून आलेले पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तरातलं गणित पुढच्या प्रश्नांनाही लागतं, म्हणून ते आधी वाचावं.

प्रश्न १ (जालना, री-रोलिंग मिल): आमच्या कूलिंग वॉटर पंपाची २२ किलोवॅट, ४१५ व्होल्टची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर अनेक वर्षं बिनतक्रार चालली. व्हीएफडी बसवल्यापासून दोनदा जळाली. दोन्ही वेळा मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) २०० मेगाओमच्या वर होता, करंटही नेमप्लेटच्या आत होता. पॅनेल रूमपासून मोटरपर्यंत केबल ४५ मीटर आहे. दोष मोटर भरणाऱ्याचा (वाइंडिंग नव्याने करणाऱ्याचा) की ड्राइव्हचा?

उत्तर: बहुधा दोघांचाही नाही. ड्राइव्हचा पल्स, ४५ मीटर केबल आणि साधी मोटर हे तिन्ही एकत्र आले की असंच होतं, आणि ते कागदावर आधीच दिसतं.

ड्राइव्ह मोटरला साइन वेव्ह देत नाही. तो आधी ४१५ व्होल्टचा डीसी करतो: ४१५ × १.४१४ = ५८७ व्होल्ट. ड्राइव्हमधले आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि प्रत्येक पल्स शून्यापासून ५८७ पर्यंत ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात चढतो. या चढायच्या वेळेला राइज टाइम म्हणतात. एवढ्या उभ्या पल्सपुढे केबल ही नुसती तार राहत नाही. पल्स लाटेसारखा केबलमधून पुढे जातो आणि मोटरच्या टर्मिनलवर आपटून परततो.

तीन कोअरच्या साध्या केबलचा इंडक्टन्स मीटरला सुमारे ०.३५ मायक्रोहेन्री आणि कपॅसिटन्स ०.१२ नॅनोफॅरड धरा. त्यातून लाटेचा वेग मायक्रोसेकंदाला १५४ मीटर आणि केबलचा सर्ज इम्पिडन्स (अशा लाटेला होणारा अडथळा) ५४ ओम येतो. या आकाराच्या मोटरचा सर्ज इम्पिडन्स काहीशे ओमांत असतो. ८०० धरला तर परतणारा हिस्सा (८०० − ५४) ÷ (८०० + ५४) = ०.८७. आता ज्या लांबीला पूर्ण परतफेड दिसते ती काढा: वेग × राइज टाइम ÷ २. राइज टाइम ०.१ असेल तर ती ७.७ मीटर, ०.२ असेल तर १५.४ मीटर. तुमची केबल ४५ मीटर आहे, म्हणजे टर्मिनलवरचा पीक ५८७ × १.८७ = सुमारे ११०० व्होल्ट. रात्री लोड कमी असताना लाइन ४४० झाली तर डीसी ६२२ आणि पीक ११६० च्या पुढे.

अमेरिकेच्या नेमा एमजी-१ या मानकात साध्या मोटरला १००० व्होल्ट पीक आणि निदान २ मायक्रोसेकंदाचा राइज टाइम ही मर्यादा आहे. इन्व्हर्टर ड्यूटी (ड्राइव्हसाठीच बनवलेल्या) मोटरला रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट, म्हणजे ४१५ ला सुमारे १२८६ व्होल्ट, तेही ०.१ मायक्रोसेकंदाला चालतात. तुमची मोटर जर साधी असेल, तर ती व्होल्टेज आणि राइज टाइम या दोन्ही बाबतींत मर्यादेबाहेर चालते आहे. त्यातही राइज टाइमचं उल्लंघन जास्त घातक आहे. त्याचं कारण असं.

५० हर्ट्झला व्होल्टेज फेजच्या सगळ्या कॉइलांत सारखा वाटला जातो. उभा पल्स आत शिरायलाच वेळ घेतो, त्यामुळे क्षणभर निम्म्याहून जास्त व्होल्टेज एकट्या पहिल्या कॉइलवर पडतो, म्हणजे ज्या कॉइलला लीड जोडलेली आहे तिच्यावर. हाताने सोडलेल्या गोल वायरच्या वाइंडिंगमध्ये त्या कॉइलचा पहिला आणि शेवटचा टर्न (वायरचा फेरा) स्लॉटमध्ये अगदी शेजारी बसलेले असू शकतात. मध्ये असतं फक्त दोन्ही वायरांचं एनॅमल, म्हणजे वायरवरचा इन्सुलेशनचा पातळ थर. तिथल्या हवेच्या फटीत बारीक डिस्चार्ज सुरू होतो, तो एनॅमल कुरतडतो आणि एक दिवस दोन टर्न एक होतात. शॉर्ट झालेल्या त्या टर्नमधून प्रचंड करंट फिरतो आणि थोड्याच वेळात कॉइल बॉडीला लागते, म्हणजे मोटरच्या धातूच्या बॉडीशी शॉर्ट होते.

मेगर तांबं आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजतो. दोन टर्नमधली अवस्था त्याला दिसतच नाही, म्हणून २०० मेगाओम दाखवणारी मोटर दुसऱ्या दिवशी जळू शकते. टर्न तपासायला सर्ज टेस्ट लागते. ४१५ व्होल्टच्या मोटरला २ × ४१५ + १००० = १८३० व्होल्टचा सर्ज देतात आणि तिन्ही फेजच्या लहरी एकमेकींवर बसतात का ते पाहतात. एक जरी सरकलेली दिसली तर त्या फेजमध्ये टर्न कच्चा आहे.

पुढच्या वेळी मोटर उघडाल तेव्हा जळालेली जागा नीट पाहा आणि फोटो काढून ठेवा. ओव्हरलोड असेल तर तिन्ही फेज सारख्या काळवंडतात. सिंगल फेजिंग असेल तर स्टारमध्ये दोन फेज आणि डेल्टामध्ये एक फेज पूर्ण काळी होते. सर्जचं जळणं वेगळं दिसतं: लीडजवळच्या कॉइलमध्ये एक छोटा वितळलेला खड्डा आणि बाकीचं वाइंडिंग नवंकोरं. डेल्टामध्ये प्रत्येक फेजची दोन्ही टोकं लाइनवर असतात, त्यामुळे दोन्ही टोकांच्या कॉइल तपासा.

उपायांत पहिला केबल छोटी करण्याचा. ड्राइव्ह मोटरपासून पाच-सहा मीटरवर नेता आला तर प्रश्न बराचसा मिटतो. पण रोलिंग मिलची उष्णता आणि हवेत उडणारी लोखंडाची भुकटी पाहता ड्राइव्ह पॅनेल रूममध्येच बरा. मग ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर (पल्सचा चढ मंद करणारा) बसवा, मोटरच्या टोकाला नव्हे. त्याने राइज टाइम २ मायक्रोसेकंदावर गेला तर लाटेची ४५ मीटरची जा-ये ०.५८ मायक्रोसेकंदात होते, ओव्हरशूट (डीसीच्या वर गेलेला हिस्सा) ०.५८ ÷ २ × ०.८७ = ०.२५ आणि पीक ५८७ × १.२५ = सुमारे ७३५ व्होल्ट. ही साधी मोटर ते आरामात सोसते. नुसता आउटपुट चोक स्वस्त पडतो आणि काठ बोथट करतो, पण ४५ मीटरला पीक फारसा उतरवत नाही. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर मात्र ड्राइव्हच्या आउटपुटला कधीही लावू नये, आयजीबीटी जातील.

प्रश्न २ (नांदेड, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी): फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी ७.५ किलोवॅट मोटरच्या वाइंडिंगचं मॉडेल करून टर्न-टर्नमधला व्होल्टेज काढायचा आहे. पुस्तकातलं इक्विव्हॅलंट सर्किट चालेल का? किती बारकाईने जावं?

उत्तर: ते सर्किट ५० हर्ट्झचं आहे, इथे चालणार नाही. पल्समध्ये कुठपर्यंतची फ्रीक्वेन्सी आहे ते ०.३५ ÷ राइज टाइम या सूत्राने काढा. ०.१ मायक्रोसेकंदाला ३.५ मेगाहर्ट्झ येते. या फ्रीक्वेन्सीला वाइंडिंग म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स यांची लांबलचक शिडी असते.

सगळं वाइंडिंग टर्नागणिक मांडायच्या मागे लागू नका. लीडची पहिली कॉइल टर्नागणिक मांडा आणि मागच्या प्रत्येक कॉइलचा एक-एक ठोकळा करा. मागे पोचेपर्यंत काठ बोथट झालेला असतो. सरासरी टर्न ६०–७० सेंटीमीटरचा असेल तर ०.१ मायक्रोसेकंदाला टर्नमागे एक तुकडा पुरतो. सिलिकॉन कार्बाइडच्या ड्राइव्हचा २०–३० नॅनोसेकंदांचा पल्स घ्यायचा असेल तर प्रत्येक टर्नचे निदान चार तुकडे करा: दोन स्लॉटमधले, दोन ओव्हरहँगचे (कॉइलच्या स्लॉटबाहेर आलेल्या भागाचे).

कपॅसिटन्ससाठी स्लॉटचा छेद एफईएमएम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढा. प्रत्येक वायर, तिचं एनॅमल, स्लॉट पेपर, वेज, वॉर्निश आणि जिथे वॉर्निश पोचलेलं नाही तिथली हवा, सगळं दाखवा. सापेक्ष परमिटिव्हिटी एनॅमलला ३.५ ते ४, पेपरला ३ च्या आसपास, हवेला १. वायरची जाडी खरी घ्या: १ मिलिमीटर तांब्याच्या ग्रेड २ (ग्रेड वाढतो तसं एनॅमल जाड) वायरचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त १.०९४ असतो आणि एनॅमलने व्यासात होणारी वाढ निदान ०.०६३, म्हणजे एका बाजूला एनॅमल ३२ ते ४७ मायक्रॉन.

वायर स्लॉटमध्ये कुठे बसते हे नशिबावर असतं. म्हणून एकच मांडणी घेऊन उत्तर देऊ नका. टर्न क्रमांकांच्या पन्नास-शंभर यादृच्छिक मांडण्या करा, शिवाय पहिला आणि शेवटचा टर्न शेजारी असलेली एक मुद्दाम घ्या. प्रोजेक्टचं खरं मोल या विखुरलेल्या उत्तरांत आहे, एका सुबक आलेखात नाही.

इंडक्टन्समध्ये बहुतेक जण अडकतात. मेगाहर्ट्झला चुंबकीय फ्लक्स स्टँपिंगमध्ये फारसा शिरत नाही, एडी करंट त्याला बाहेर ढकलतात. ५० हर्ट्झचा इंडक्टन्स घातलात तर लाट खऱ्यापेक्षा फारच संथ चालेल. स्लॉटच्या भिंतीवर फ्लक्स शून्य धरा. सोपा मार्ग असा: त्याच छेदात सगळं इन्सुलेशन काढून हवा भरा, पुन्हा कपॅसिटन्स मॅट्रिक्स काढा, तिचा व्यस्त घ्या आणि त्याला म्यू-शून्य व एप्सिलॉन-शून्य यांच्या गुणाकाराने गुणा. मीटरमागचा इंडक्टन्स मॅट्रिक्स मिळतो. ओव्हरहँगला लोखंड लांब असतं, तिथे इंडक्टन्स जास्त आणि कपॅसिटन्स कमी घ्या.

रेझिस्टन्स विसरू नका. तांब्याची स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीत वाहतो ती) १ मेगाहर्ट्झला ०.०६६ मिलिमीटर असते. डीसी रेझिस्टन्स ठेवला तर मॉडेलमधली लहर थांबतच नाही आणि टर्न व्होल्टेज फुगून दिसतो.

हे सगळं एलटीस्पाइस या सर्किट सॉफ्टवेअरमध्ये घाला, टाइम स्टेप १ नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. सोर्स म्हणून ड्राइव्हचा पल्स नव्हे, तर केबलनंतर टर्मिनलवर पोचलेला, ओव्हरशूटसकटचा पल्स द्या. मॉडेल पारखायला भंगारातल्या स्टेटरमध्ये एक कॉइल मधल्या टर्नांना टॅप काढून सोडा आणि १०–२० व्होल्टचा पल्स द्या. सर्किट रेषीय आहे, त्यामुळे छोट्या व्होल्टेजचं गुणोत्तर मोठ्यालाही लागू पडतं. प्रोबचे दहा-पंधरा पिकोफॅरड मॉडेलमध्येही घाला, नाहीतर जुळणार नाही.

आलेला टर्न व्होल्टेज कशाशी ताडायचा? डिस्चार्ज सुरू होण्याच्या व्होल्टेजशी, म्हणजे पीडीआयव्हीशी. दोन वायरांचं ३५-३५ मायक्रॉन एनॅमल, परमिटिव्हिटी ३.५, म्हणजे २० मायक्रॉन हवेच्या तोडीचं. त्यांच्यामधल्या २० मायक्रॉन फटीवर एकूण व्होल्टेजचा निम्मा पडतो. पाशेनच्या (हवेची फट किती व्होल्टला फुटते ते सांगणाऱ्या) नियमाने एवढी फट ढोबळमानाने ४०० व्होल्टला फुटते, म्हणजे दोन वायरांमध्ये ८०० व्होल्ट पीक झाले की डिस्चार्ज. हे २५ अंशांना. १५५ अंशांना हवेची घनता ७० टक्क्यांवर येते आणि तोच आकडा सहाशेच्या आसपास उतरतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. फरक छोटा, पण नुकसानीच्याच दिशेचा. आता जालन्याच्या मोटरचा आकडा घ्या. पहिल्या कॉइलवर ११०० च्या ७० टक्के पडले असं सावधपणे धरलं तर ७७० व्होल्ट. थंड मोटरला ते जेमतेम चालतात, तापलेल्या मोटरला नाही. म्हणून कोल्ड टेस्टवर कधीही थांबू नका. आयईसी ६००३४-१८-४१ हे मानकही वाढीव मार्जिन मागतं ते यासाठीच.

प्रश्न ३ (लातूर, मोटर भरणारे): डाळ मिलच्या बऱ्याच मोटरी आता ड्राइव्हवर गेल्या. आम्ही नेहमीसारखी भरून दिली तर परत येते. भरताना काय बदलावं?

उत्तर: तुमच्या हातात बरंच आहे. मोटर ड्राइव्हवर आहे का आणि केबल किती, हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाला मोटर उतरवतानाच विचारा.

वायर: मिळाली तर इन्व्हर्टर ग्रेडची घ्या. तिच्या एनॅमलमध्ये सिलिका किंवा ॲल्युमिनाची अतिसूक्ष्म भर असते, त्यामुळे डिस्चार्ज झाला तरी ती कित्येक पट जास्त टिकते. नाहीतर ग्रेड ३ घ्या. १ मिलिमीटरला तिचा बाहेरचा व्यास १.१२४ पर्यंत जातो, म्हणजे स्लॉटमध्ये ग्रेड २ पेक्षा पाच-साडेपाच टक्के जास्त जागा लागेल. बसत नाही म्हणून टर्न कमी करू नका, आणि वायर ठोकून बसवूही नका. ठोकताना एनॅमलवर आलेला ओरखडाच पुढे फुटतो.

कॉइल सोडताना वायर क्रमाने, थराथराने बसवा. सगळा गठ्ठा एकदम ढकलला की पहिला आणि शेवटचा टर्न शेजारी येतात. हे फुकटातलं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. लीडच्या कॉइलचे पहिले तीन-चार टर्न ओव्हरहँगमध्ये फायबर ग्लास स्लीव्हमध्ये घाला आणि लीडची स्लीव्ह स्लॉटच्या तोंडातून निदान २० मिलिमीटर आत जाऊ द्या. फेज पेपर प्रत्येक ग्रुपमध्ये, ओव्हरहँगच्या पूर्ण उंचीचा आणि स्लॉट पेपरच्या कॉलरला टेकणारा हवा. ड्राइव्हवर फेज-फेजमध्येही अकराशे व्होल्टचा पीक येतो हे लक्षात ठेवा.

वॉर्निशचं काम हवा हाकलण्याचं आहे. नुसतं ब्रशने ओतलेलं वॉर्निश स्लॉटच्या मध्यापर्यंत पोचत नाही. स्टेटर आधी भट्टीत ११०–१२० अंशांना दोन तास ठेवून ओल काढा, हाताला कोमट लागेपर्यंत उतरू द्या, मग पूर्ण बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका. निथळून डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला भाजा. मग दुसरी डुबकी उलट्या बाजूने, म्हणजे थेंब दुसऱ्या टोकाला साचतात. व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन करून देणारा जवळ असेल तर ड्राइव्हच्या मोटरी त्याच्याकडे पाठवा.

आणखी एक. मे महिन्यात लातूरला हवाच चाळिशीच्या वर जाते, आणि मोटरचं रेटिंग ४० अंशांवर असतं. ड्राइव्हवर कमी स्पीडला मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो. पीडीआयव्ही तापमानासोबत कसा उतरतो ते वर आलंच आहे. मोटर सतत ३० हर्ट्झच्या खाली पूर्ण टॉर्कवर चालत असेल तर मालकाला स्वतःच्या वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा बसवायला सांगा.

प्रश्न ४ (वाळूज, मेंटेनन्स विभाग): मोटर शिट्टीसारखी वाजते म्हणून कॅरियर फ्रीक्वेन्सी (ड्राइव्ह सेकंदाला किती पल्स देतो ती) ४ वरून १२ किलोहर्ट्झ केली. आवाज गेला. नुकसान आहे का? मल्टिमीटर आउटपुटला ४१० व्होल्टच दाखवतो.

उत्तर: मल्टिमीटर पीक दाखवत नाही. तो पाहायला १०० मेगाहर्ट्झचा स्कोप आणि निदान १५०० व्होल्टचा डिफरेन्शियल प्रोब लागतो, तोही मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, ड्राइव्हच्या टोकाला नव्हे.

कॅरियर ४ किलोहर्ट्झला तासाला १ कोटी ४४ लाख पल्स होतात, १२ ला ४ कोटी ३२ लाख. ५० हर्ट्झच्या साध्या लाइनवर तासाला ३ लाख ६० हजार पीक असतात. मोटरमध्ये डिस्चार्ज होत असेल तर आयुष्य जवळजवळ तिप्पट वेगाने संपेल. होत नसेल तर इन्सुलेशनला फारसा फरक नाही. शिवाय पल्स जवळजवळ आले की आधीची लहर शमण्यापूर्वी पुढचा पल्स येऊन पडतो आणि पीक दुपटीच्याही वर जाऊ शकतो. केबल पंधरा मीटरच्या वर असेल तर ४ वर परत या. ड्राइव्हही थंड राहील. १२ किलोहर्ट्झला बहुतेक ड्राइव्हचा करंट कमी धरावा लागतो, मॅन्युअलमध्ये तो तक्ता असतो.

प्रश्न ५ (बीड, सोलर पंप बसवणारे): ५ एचपी एसी सबमर्सिबल, बोअरमध्ये ४५० फुटांवर. वर्षाच्या आत मोटर बॉडीला लागते. मोटरवाले कंट्रोलरकडे बोट दाखवतात, कंट्रोलरवाले मोटरकडे. डीव्ही-डीटी फिल्टर लावला तर चालेल?

उत्तर: सोलरचा कंट्रोलर हा ड्राइव्हच आहे, म्हणून वरचं सगळं इथे लागू. पण फिल्टर निवडताना केबलचं गणित करा. ४५० फूट म्हणजे १३७ मीटर, वर कंट्रोलरपर्यंत २० धरले तर १५७. लाटेची जा-ये २ × १५७ ÷ १५४ = सुमारे २ मायक्रोसेकंद. डीव्ही-डीटी फिल्टरने राइज टाइम २ मायक्रोसेकंदावर आणला तरी एवढ्या केबलवर पीक जवळजवळ दुप्पटच राहतो. ओव्हरशूट २५ टक्क्यांत ठेवायचा तर राइज टाइम ७–८ मायक्रोसेकंद हवा. म्हणून एवढ्या खोल बोअरला साइन फिल्टरच, म्हणजे पल्स गाळून जवळजवळ साइन वेव्ह देणारा फिल्टरच, लावावा.

पाण्याने भरलेल्या मोटरमध्ये वेगळं संकटही आहे. तिची वायर एनॅमलची नसते, तिच्यावर पीव्हीसी किंवा पॉलिस्टर-पॉलिप्रॉपिलीनचा वेढा असतो, आणि प्रत्येक टर्नभोवती पाणी असतं. पाणी बॉडीला जोडलेलं, त्यामुळे फेज ते अर्थचा पूर्ण सर्ज त्या एकाच थरावर पडतो. म्हणून तुमची मोटर टर्नला नव्हे, बॉडीला लागते. डीसी बस पॅनेलच्या व्हीओसीएवढा (लोड नसतानाच्या व्होल्टेजएवढा) चढतो आणि थंडीत सकाळी पॅनेल गार असताना तो सर्वांत जास्त असतो: प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ टक्के. २५ अंशांना ६०० असलेला व्हीओसी १० अंशांना ६२५ च्या वर जातो.

साइन फिल्टर मोटरच्या नेमप्लेट करंटपेक्षा निदान दहा टक्के जास्त रेटिंगचा घ्या. फिल्टरवर छापलेल्या किमान कॅरियर फ्रीक्वेन्सीच्या खाली कंट्रोलर चालवू नका. फिल्टर तापून जातो. कंट्रोलर व्ही/एफ (व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी एकाच प्रमाणात बदलणाऱ्या) मोडवर ठेवा. फिल्टरमध्ये काही टक्के व्होल्टेज पडतो, तेवढा पॅनेलच्या स्ट्रिंगमध्ये हाताशी ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ पाणी कमी येईल. पेटी सावलीत आणि हवेशीर बसवा.

मोटर सोडण्याआधी लीडचा जोड पाण्यात बुडवून मेगर घ्या. बरेच बॉडी फॉल्ट वाइंडिंगमध्ये नसून त्या जोडात असतात. मेगर घेताना केबल कंट्रोलरपासून सुटी केलेली असली पाहिजे, नाहीतर कंट्रोलरचे आयजीबीटी जातील. किमान फ्रीक्वेन्सी ३० हर्ट्झवर बांधा: त्याखाली थ्रस्ट बेअरिंगवर पाण्याचा थर टिकत नाही, आणि ढगाळ दिवशी कंट्रोलर मोटरला तासन्‌तास तिथेच घोळवत ठेवतो.